माफिया खेळवायचा कसा: आकडा, रात्र आणि सूत्रधाराची जीभ

प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या घरी बारा-पंधरा चुलत-मावस भावंडं, एखाददुसरे काका-मामा जमतात आणि पत्त्यांच्या कॅटवर माफिया खेळतात. (खेळ असा: पत्त्यांवरून गुपचूप थोडे जण माफिया ठरतात, बाकीचे गावकरी. रात्री सगळे डोळे मिटतात आणि माफिया खुणेने एकाला ‘मारतात’; दिवसा सगळे चर्चा करून मताने एका संशयिताला बाहेर काढतात. सगळे माफिया गेले की गाव जिंकलं.) तक्रारी तीन. पहिल्याच रात्री ‘मेलेला’ माणूस पुढचा पाऊण तास भिंतीला टेकून मोबाइल बघतो. जवळजवळ दर वेळी माफियाच जिंकतात. आणि खेळ संपल्यावर कोणीतरी म्हणतंच, ‘मला तर रात्रीच कळलं होतं, आवाजावरून.’ काय बदलावं?

खेळाडूंना अभिनय शिकवून यातलं काहीही सुटणार नाही. माफिया जिंकतात ते बहुतेक आकड्यामुळे. पहिला बळी कंटाळतो तो रात्रीच्या क्रमामुळे. ‘आवाजावरून कळलं’ याला जबाबदार असतो सूत्रधार, म्हणजे स्वतः न खेळता खेळ चालवणारा, कॉलेजात ज्याला गॉड म्हणतात तो. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६-८७च्या सुमारास हा खेळ रचला, तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती: एका बाजूला सगळं ठाऊक असलेले थोडे, दुसऱ्या बाजूला काहीच ठाऊक नसलेले पुष्कळ. डॉक्टर (रात्री एकाला वाचवतो) आणि पोलीस (रात्री एकाबद्दल ‘हा माफिया आहे का’ असं सूत्रधाराला विचारतो) ही नंतरची भर, दोघेही गावाच्या बाजूचे. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याच सांगाड्यावर लांडग्यांची कथा चढवली आणि वेअरवुल्फ झाला. वेश कोणताही असो, खेळ माहितीचा आहे. ज्याला जे कळायला नको ते कळलं, की मजा गेली.

आधी आकडा, कारण तो सगळ्यात दुर्लक्षित आहे.

माफिया आणि उरलेले गावकरी समसमान झाले की माफिया जिंकले, हा नियम धरू. समजा दिवसा ७ जण जिवंत आहेत, त्यांत १ माफिया. डॉक्टर-पोलीस कोणी नाही आणि सगळे आंधळेपणाने मत देतात. गावाला मतदानाच्या संधी किती? ७ जण असताना एक, ५ असताना एक, ३ असताना एक. तीन संधींत गाव जिंकण्याची शक्यता ५४ टक्के येते. आता आणखी एक भाऊ येऊन बसला, ८ झाले. संधी ८, ६ आणि ४ जणांच्या वेळी, म्हणजे पुन्हा तीनच. संशयित मात्र एक वाढला. शक्यता ४५ टक्क्यांवर उतरली. दोन माफिया असतील तर फरक आणखी बोचतो: दिवसा ८ जण असतील तर गावाला १६ टक्के, ९ असतील तर ३०, आणि १० झाले की परत २२. माणूस वाढला की गावाची बाजू बळकट होते असं वाटतं, पण दिवसाची सुरुवात सम आकड्याने झाली तर तो वाढलेला माणूस नुसती गर्दी असतो.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: पहिला दिवस विषम संख्येने उजाडला पाहिजे.

बहुतेक घरांत पहिल्या रात्रीच बळी घेतात. तो घेऊच नका. पहिली रात्र फक्त ओळखीची ठेवा: माफिया एकमेकांना ओळखतात, पोलीस एकाबद्दल विचारतो, मरत कोणी नाही. मग खेळाडू विषम असले की दिवस आपोआप विषम उजाडतो. सूत्रधार वगळून १२ जण उरले तर एकाला सहसूत्रधार करा आणि ११ जणांत खेळा. सहसूत्रधाराला खरंच काम असतं, ते पुढे येईलच. तोंड उघडण्याआधी बाद होणारा माणूसही या पद्धतीत उरत नाही, त्यामुळे तुमची पहिली तक्रार अर्धी इथेच मिटते.

माफिया किती ठेवायचे? ११ जणांत २ माफिया असतील तर आंधळ्या मतदानात गावाला ३५ टक्के, ३ असतील तर १६. एक माफिया वाढला की गावाची शक्यता निम्म्याहूनही खाली येते. ‘दर चारांमागे एक’ असा ठोकताळा सर्रास वापरतात, आणि १२ जणांत ३ माफिया ठेवून पोलीस काढून टाकतात, ‘कारण पोलीस कोणाला नीट जमत नाही’. मग दर वेळी माफियाच जिंकणार, दुसरं काय होणार? २००८ साली ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या गणितज्ञांनी हा खेळ सोडवून दाखवला. पोलीस नसेल तर बरोबरीच्या लढतीसाठी माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावी लागते, म्हणजे माणसं चौपट झाली तर माफिया फक्त दुप्पट. पोलीस असेल तर मात्र ठरावीक हिस्सा माफियांना देता येतो. ‘चारांमागे एक’ हे पोलीस असलेल्या खेळाचं गणित आहे, ते पोलीस नसलेल्या खेळाला लावलं की गाव बुडतं.

घरगुती बैठकीसाठी: ७ जणांत २ माफिया आणि १ पोलीस. ९ जणांतही तेच. ११ जण नवखे असतील तर २ माफिया आणि पोलीस, सरावलेले असतील तर ३ माफिया, पोलीस आणि डॉक्टर. १३ आणि १५ला ३ माफिया, पोलीस, डॉक्टर. १५च्या वर गेलात तर दोन वर्तुळं करा. सतरा जणांच्या वर्तुळात पाच जण बोलतात आणि बारा जण फराळाचं ताट संपवतात. डॉक्टर नवख्यांच्या खेळात मुद्दाम वगळला आहे, कारण त्याने आकड्याची सम-विषम उलटते. दिवसा ९, एक बाहेर काढला, ८ उरले, रात्री डॉक्टरने वाचवलं, तर सकाळी ८च. संधी वाढली नाही, संशयित वाढला. वाचलेला माणूस कोण हे गावाला सांगितलं तरच याची भरपाई होते, कारण मग एक तरी माणूस जवळपास निर्दोष ठरतो. तेव्हा डॉक्टर ठेवलात तर सकाळी ‘अमुक वाचले’ असं नाव घेऊन सांगा. नुसतं ‘काल कोणी मेलं नाही’ म्हणू नका.

हाच हिशेब मतदानालाही लागू आहे. ‘आज कोणालाच काढायचं नाही’ हा पर्याय ठेवा. जिवंत सम असतील तर गावाने तो जरूर वापरावा. ८ जणांत एक माफिया असताना मतदान टाळलं, रात्री एक गेला आणि ७ जणांचा दिवस उजाडला, तर ४५चे ५४ टक्के होतात. जिवंत विषम असतील तर मात्र कधीही टाळू नये. पहिल्या दिवशी ‘अजून काही माहितीच नाही, आज राहू दे’ असं एक समंजस काका नेहमी म्हणतात. आकडा विषम असेल तर तो सल्ला माफियाच्या फायद्याचा आहे, काका स्वतः कोणीही असोत.

आता पत्ते.

कॅट नवा किंवा निदान कोपरे न मुडपलेला हवा. उन्हाळ्यात रमी खेळून मऊ झालेल्या कॅटमध्ये इस्पिकच्या राजाला कोपऱ्यात चीर असतेच, आणि घरातल्या तिघांना ती पाठ असते. राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या वापरू नका. घडीवरून, पेनाच्या उमटलेल्या दाबावरून चिठ्ठी ओळखू येते.

सोपी वाटणी अशी: राजे माफिया, राणी डॉक्टर, एक्का पोलीस, दुरी ते दश्शी गावकरी. पण एक खोट आहे. चित्राचा पत्ता शेजाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो, कारण तो रंगाने भरलेला असतो आणि आकड्याचा पत्ता पांढरा दिसतो. म्हणून जरा सरावलात की चित्रं पूर्ण काढा. पंजे माफिया, छक्की पोलीस, सत्ती डॉक्टर, बाकी दश्शी, नव्वी, अठ्ठी हे गावकरी करा. कोणता पत्ता म्हणजे कोण, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा, नाहीतर छक्की हातात आलेली आत्या भर वर्तुळात विचारते, ‘अरे, छक्की म्हणजे कोण रे?’

पत्ते वाटण्याआधी दोनदा मोजा: माफियाचे किती, एकूण किती. तीन पंजे घालायचे ते चार गेले, हे चौथ्या दिवशी उघडकीस आलेले खेळ असतात. सगळ्यांनी पत्ता एकाच वेळी उचलायचा, मनात पाच मोजेपर्यंत बघायचा, पालथा घालून मांडीखाली ठेवायचा. पाच मोजायचं कारण असं की गावकरी पत्त्यावर नजर टाकून लगेच खाली ठेवतो आणि ज्याला काही खास मिळालंय तो दोनदा बघतो. वेळ बांधून दिली की हा फरक जातो. पुन्हा पत्ता बघायचा नाही. बघितला तर विसरला म्हणजे नक्कीच साधा गावकरी, असं लोक अचूक ओळखतात.

रात्रीचं सगळ्यात सविस्तर, कारण खेळ इथेच फुटतो.

बसा सतरंजीवर, गोल करून, गुडघ्याला गुडघा न लागता. खाट, झोपाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, त्या कुरकुरतात. पंखा मोठा ठेवा. डोळे मिटले की प्रत्येकाने दोन्ही हातांनी मांडीवर संथ थाप धरायची आणि ‘सकाळ झाली’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. माफियाने बोट दाखवलं तर कापड सळसळतं, बांगड्या किणकिणतात, पोलीस मान हलवतो तेव्हा कानातले वाजतात. थापेत हे सगळं बुडतं. पण जागा झालेला माणूस थाप थांबवतो आणि शेजाऱ्याला तेवढंच पुरतं. त्यामुळे डोळे उघडल्यावरही एका हाताची थाप चालू ठेवायची, दुसऱ्या हाताने खूण करायची. ही सवय पहिल्या खेळाआधी एकदा सगळ्यांकडून करून घ्या. हातभर काकणं असतील तर ती काढून ठेवलेली बरी. दिवे चालू राहू द्या. अंधारात सूत्रधाराच्या मोबाइलचा उजेड पापणीआडूनही कळतो.

सूत्रधाराने वर्तुळाच्या बाहेरून हलक्या पावलांनी फिरत राहायचं. एका जागी उभं राहून बोललं तर आवाज ज्या दिशेला वळतो तिकडे माफिया आहे हे कळतं. प्रश्न विचारताना नेहमी छताकडे बघून बोलायचं, उत्तर घेताना फक्त डोळ्यांनी बघायचं.

आणि आता जीभ. मराठीत क्रियापद लिंग सांगतं. ‘डॉक्टर, कोणाला वाचवतेस?’ एवढ्या एका वाक्याने निम्मं वर्तुळ मोकळं होतं. ‘पोलीस, विचार रे’ म्हटलं तर पोलीस पुरुष आहे आणि वयाने लहान आहे. ‘बोला ना’ म्हटलं तर काका किंवा आत्या. सगळ्यात घातक चूक खातरजमा करताना होते. माफियाने बोट दाखवल्यावर सूत्रधार पुटपुटतो, ‘त्यालाच ना?’ डॉक्टर डोळे मिटून ऐकत असतो, आणि त्याला कळतं की आज बळी पुरुष आहे. उपाय सोपा आहे. दर रात्री तीच वाक्यं, आज्ञार्थ बहुवचनात आणि प्रश्न ‘-यचं’ लावून, म्हणजे लिंग, वय, नातं काहीच फुटत नाही:

‘सगळ्यांनी डोळे मिटायचे. थाप सुरू.’

‘माफिया, डोळे उघडा. कोणाला मारायचं?’ थांबा. ‘ठरलं. माफिया, डोळे मिटा.’

‘डॉक्टर, डोळे उघडा. कोणाला वाचवायचं?’ थांबा. ‘ठरलं. डॉक्टर, डोळे मिटा.’

‘पोलीस, डोळे उघडा. कोणाबद्दल विचारायचं?’ थांबा. ‘उत्तर हे. पोलीस, डोळे मिटा.’

‘सकाळ झाली.’

कागदावर लिहून घ्या आणि वाचा, पाठ आहे म्हणून सोडू नका. माफिया एकच उरला तरी वाक्य बदलायचं नाही. पोलिसाला उत्तर अंगठ्याने: वर म्हणजे माफिया, खाली म्हणजे नाही. मान हलवू नका, ‘हं’ तर अजिबात नको. प्रत्येक ‘थांबा’ किमान दहा सेकंदांचा असावा, उत्तर दोन सेकंदांत मिळालं तरी. डॉक्टर मेलेला असेल आणि त्याची ओळख गावाला सांगितलेली नसेल, तर रिकाम्या डॉक्टरला तसंच उठवायचं, तेवढंच थांबायचं, वहीत पेनही तसाच फिरवायचा.

बोट दाखवण्यात गोंधळ ठरलेला. अकरा जणांच्या वर्तुळात समोरच्या बाजूला दाखवलेलं बोट दोघांच्या मधोमध जातं. म्हणून प्रत्येकासमोर १ ते ११ आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवा आणि आकडा बोटांनी दाखवायला सांगा: आधी दशक, मुठीची खूण, मग एकक. सूत्रधार तोच आकडा बोटांनी परत दाखवतो, समोरचा डोळे मिचकावतो. मग लिहायचं. वहीत रात्र, मारलं कोणाला, वाचवलं कोणाला, विचारलं कोणाबद्दल, एवढे चार रकाने पुरतात. तीन माफियांचं वीस सेकंदांत एकमत झालं नाही तर त्या रात्री बळी नाही, हे आधीच जाहीर करा, नाहीतर तिघांची मूक हमरीतुमरी दोन मिनिटं चालते आणि एकाला हसू फुटतं.

इथे सहसूत्रधाराचं काम येतं. सूत्रधार एका बाजूला खूण बघत असताना कोणी डोळे किलकिले करतं का, हे तो बघतो. लबाडी पकडली तर रात्री ओरडायचं नाही. सकाळी सूत्रधाराच्या कानात सांगायचं आणि त्या माणसाचं त्या दिवसाचं मत रद्द करायचं. पुढे बळी पडलेले लोक याच बाजूला येऊन बसतात. मेलेल्यांना रात्री डोळे उघडे ठेवायची परवानगी जरूर द्या, त्यांच्यासाठी तोच खरा तमाशा असतो. पण त्यांनी वर्तुळाच्या मागे, जिवंतांच्या पाठीशी बसायचं. समोर बसलेल्या मेलेल्याचा चेहरा बघून गाव मत देतं.

डॉक्टरसाठी दोन बंधनं घाला: एकाच माणसाला लागोपाठ दोन रात्री वाचवायचं नाही, आणि स्वतःला खेळभरात एकदाच. ही नसतील तर डॉक्टर रोज स्वतःलाच वाचवत बसतो.

दिवस लांबला की खेळ मरतो. सकाळची बातमी एका वाक्यात द्या. काही सूत्रधारांना ‘मध्यरात्री विहिरीपाशी पावलं वाजली...’ अशी रंगवून सांगायची हौस असते. पहिल्या खेळाला ठीक आहे, तिसऱ्या खेळाला लोक उठून पाणी प्यायला जातात. चर्चेला घड्याळ लावून सहा मिनिटं. मग नावं: एकाने आरोप केला आणि दुसऱ्याने पाठिंबा दिला तरच नाव मतदानाला जातं. ज्याचं नाव गेलं त्याला तीस सेकंद. मग ‘एक, दोन, तीन’वर सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचं. हात एकेक करून वर घ्यायला लावलेत तर माफिया शेवटपर्यंत थांबून वारा बघतो आणि बहुमताबरोबर हात वर करतो, म्हणजे गावाच्या हाती लागणारा एकमेव भक्कम पुरावा नाहीसा होतो. बरोबरी झाली तर दोघांना पंधरा सेकंद, पुन्हा मत, पुन्हा बरोबरी तर कोणी जात नाही. बाहेर गेलेल्याचा पत्ता उघडा करा. सरावलेले गट पत्ता झाकून खेळतात, पण नवख्यांच्या खेळात गावाच्या पदरात दुसरं काही नसतं.

या मापाने एक दिवस-रात्र साधारण बारा मिनिटं घेते. ११ जण, ३ माफिया: गावाने तीनदा चूक केली तर तिसऱ्या मतदानानंतर ३ विरुद्ध ३ होऊन खेळ संपतो. लांबला तरी साधारण पाच मतदानं, म्हणजे तासाभरात आटोपतो.

रात्री मेलेल्याला शेवटचं वाक्य बोलू देऊ नका. पोलीस असेल तर ‘बबन माफिया आहे’ एवढं सांगून जातो आणि माफियाचा एक माणूस फुकट जातो. मतदानाने गेलेल्याला मात्र बोलू द्या, तो तसाही आपलं सगळं सांगून बसलेला असतो.

खेळ सुरू होण्याआधी जाहीर करायची बंदी: शपथ नाही. ‘आईशप्पथ सांग’, ‘देवाची शपथ घे’, ‘माझ्या डोक्यावर हात ठेव’ यातलं काहीही चालणार नाही. ही बंदी नसेल तर माफिया खेळूच नका. घरात किमान दोन माणसं अशी असतात जी खेळातसुद्धा खोटी शपथ घेणार नाहीत. त्यांनी शपथ टाळली की ते माफिया हे सिद्ध, आणि घेतली की निर्दोष हे सिद्ध. दोन मिनिटांत खेळ खलास. पत्ता दाखवायचा नाही, बाहेरचे सौदे करायचे नाहीत (‘उद्या भांडी मी घासतो, मला वाचव’). नवरा-बायको आणि सख्खी भावंडं शेजारी बसवू नका. कोपरखळीने बातम्या जातात, आणि त्या अडवता येत नाहीत. नऊ-दहा वर्षांखालचं मूल स्वतंत्र खेळाडू करण्यापेक्षा मोठ्या माणसाच्या जोडीला द्या: दोघांचा पत्ता एक, मत एक.

खेळताना काय बघायचं, यावर लोक भलतंच शिकवतात. घाम, पापणी, हसू यांवरून कोणी ओळखू शकत नाही. नवखा पोलीससुद्धा माफियाइतकाच घाबरलेला असतो. भरवसा ठेवायचा तो मतांवर. एकाने कागद घेऊन दर मतदानाला कोणी कोणाला मत दिलं हे लिहावं, खेळात त्याला बंदी नाही. एक माफिया उघडा पडला की कागद मागे उलटा: त्याच्यावर आरोप आला तेव्हा विषय कोणी बदलला? त्याला वाचवायला दुसरं नाव कोणी पुढे केलं? आणि आज त्याच्याविरुद्ध सगळ्यात आधी बोट कोणी उगारलं? बुडत्या साथीदाराला लाथ मारून स्वतः स्वच्छ होणं ही माफियाची जुनी चाल आहे, तेव्हा शेवटच्या क्षणी जोरात तुटून पडलेलाही वगळू नका. त्याच्याबरोबर आधी तीन दिवस जो एकदाही भांडला नाही, तो मात्र बघण्यासारखा असतो.

पोलिसाने उघड कधी व्हायचं? माफिया सापडला नसेल तर गप्प बसावं. सापडला असेल तर आधी साध्या गावकऱ्यासारखे त्याच्याविरुद्ध मुद्दे मांडून बघावेत. मतदान भलतीकडे वळत असेल किंवा स्वतःलाच बाहेर काढायला निघाले असतील, तरच ‘मी पोलीस’ म्हणावं, आणि म्हणताना सगळ्या रात्रींचा हिशेब द्यावा: पहिल्या रात्री कोण, दुसऱ्या रात्री कोण, उत्तर काय. खोटा पोलीस इथेच अडकतो. त्याची एखादी रात्र त्याच्या त्या दिवशीच्या मताशी जुळत नाही. दोन पोलीस उभे राहिले तर घाबरू नका. दोघांतला एक नक्की खोटा आहे, आणि खोटं बोलणारा बहुधा माफिया. मतदानं शिल्लक असतील तर एक आज, दुसरा उद्या. दोन मतांत एक माफिया हा गावासाठी चांगला भाव आहे. साध्या गावकऱ्याने गंमत म्हणून पोलीस असल्याचं सांगू नये. तो हुशारीचा डाव वाटतो, पण त्यात खऱ्या पोलिसाचा शब्द स्वस्त होतो.

माफियांची ठरलेली चूक म्हणजे गप्प होणं. एरवी घर डोक्यावर घेणारी ताई पत्ता बघितल्यापासून शहाण्यासारखी बसली की गावाला दुसरं काही लागत नाही. दुसरी चूक म्हणजे तिघांनी एकाच नावाला मत देणं. तिसरी, सगळ्यात बोलक्या माणसाला रात्री मारणं. तो बहुतेक वेळा चुकीच्याच माणसाच्या मागे लागलेला असतो, त्याला जगू द्या. मारायचा तो शांतपणे मतं मोजणारा, कागद घेऊन बसलेला.

जमलेले सातपेक्षा कमी असतील, किंवा कोणालाच मरून बसायचं नसेल, तर माफिया ओढूनताणून खेळू नका. डॉन एस्क्रिज यांचा द रेझिस्टन्स (२००९) त्याच कुळातला आहे, त्यात कोणी बाद होत नाही, सूत्रधारही लागत नाही, आणि साध्या कॅटवर जमतो. ५ जणांत २ हेर, ६त २, ७त ३, ८ आणि ९त ३, १०त ४. सुरुवातीला सगळे डोळे मिटतात, हेर तेवढे उघडून एकमेकांना बघतात, बस. मग पाच मोहिमा. नेता पथक निवडतो, सगळे एकदम पथकाच्या बाजूने किंवा विरोधात मत देतात, मंजूर झालं तर मोहीम, नाहीतर नेतेपद डावीकडे सरकतं. एकाच मोहिमेसाठी लागोपाठ पाच पथकं नामंजूर झाली तर हेर जिंकले. पथकाचा आकार ५ जणांत २, ३, २, ३, ३. ६ जणांत २, ३, ४, ३, ४. ७ जणांत २, ३, ३, ४, ४. ८ ते १० जणांत ३, ४, ४, ५, ५. पथकातल्या प्रत्येकाला एक लाल आणि एक काळा पत्ता द्यायचा, तो गुपचूप एक पालथा टाकतो. गावाच्या माणसाला लालच टाकता येतो, हेराला दोन्ही. एक काळा निघाला की मोहीम फसली. अपवाद सात किंवा जास्त खेळाडूंच्या खेळातली चौथी मोहीम, तिथे दोन काळे लागतात. तीन मोहिमा ज्याच्या, तो जिंकला.

कॅटवर खेळताना फसतो तो एकाच ठिकाणी: न टाकलेला दुसरा पत्ता. तो हातात राहिला तर कोणाला तरी दिसतो, समोर पालथा पडला तर मोहीम फसल्यावर कोणीतरी तो उलटतो. म्हणून दोन ताटल्या ठेवा, एक मोहिमेची, एक रद्दीची. प्रत्येकाने दोन्हींत एकेक पत्ता टाकायचा, आणि मोहिमेची ताटली पिसून उघडण्याआधी रद्दीची ताटली न बघता पिसून कॅटच्या तळाशी घालायची.